फोन एंगेज लागतो म्हणून पगारी माणूस ठेवायचा का?

प्रश्न : कोल्हापुरात शाहूपुरीत आमचे शेती अवजारांच्या सुट्या भागांचे घाऊक दुकान आणि ऑफिस आहे, गोदाम शिरोली एमआयडीसीत. मिळून ३० माणसे. चार लँडलाइन आणि जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातले छोटे टेलिफोन एक्स्चेंज) आहे. पेरणीच्या दिवसांत डीलर तक्रार करतात की तुमचा फोन सतत एंगेज लागतो. गोदामात मोबाइलला रेंज नाही. तीन जण येऊन बघून गेले. ईपीएबीएक्सवाल्याने नव्या हायब्रिड मशीनचे १,८५,००० रुपयांचे कोटेशन दिले, त्यात गोदामासाठी सिग्नल बूस्टरही धरला आहे. दुसरा म्हणतो मशीन न घेता सगळे क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून टाका, महिन्याला माणशी भाडे भरा. तिसऱ्याने टेलिकॉम कंपनीत नोकरी केली आहे. तो म्हणतो, मला महिना ३०,००० वर ठेवा, मी सगळे बघतो. मेहुण्यांचे मत तिसऱ्याच्या बाजूने आहे. आम्हाला यातले काही कळत नाही. कोणाला घ्यावे, आणि समोरचा खरा जाणकार आहे हे ओळखावे कसे?

उत्तर : नमस्कार. मेहुण्यांचा मान राखूनही सांगावे लागेल की तिसऱ्याला पगारावर ठेवू नका. पहिल्या दोघांनाही अजून होकार देऊ नका.

३० माणसांच्या धंद्यात टेलिफोन आणि नेटवर्कचे काम बसवताना दोनेक आठवडे भरपूर असते, नंतर महिन्याला काही तास. पगारी माणूस उरलेला वेळ प्रिंटरची शाई भरण्यात आणि सीसीटीव्हीची पासवर्ड-दुरुस्ती करण्यात घालवतो. चांगला असेल तर कंटाळून वर्ष-दोन वर्षांत जातो, आणि मशीनमध्ये काय सेटिंग आहे ते फक्त त्याच्या डोक्यात असते. शंभर-सव्वाशे एक्स्टेन्शन (आतले फोन) झाले, तीन-चार शाखा झाल्या किंवा दिवसभर फोनवरच विक्री करणारी मंडळी बसवली, की मग पगारी माणसाचा हिशेब मांडता येईल.

तुम्हाला जाणकार हवाच आहे, पण कामापुरता. आणि ते काम दोन तुकड्यांत द्या. पहिला तुकडा तपासणी आणि आराखड्याचा, ठरलेली फी देऊन. तो आराखडा हातात आला की त्यावर दोन-तीन जणांकडून कोटेशन मागवायचे, हा दुसरा तुकडा. आराखडा करणाऱ्याने माल विकायचा नाही, ही अट पहिल्याच दिवशी सांगा. नाडी बघणाऱ्याचेच औषधाचे दुकान असले की प्रत्येक दुखण्यावर त्याच्या कपाटातलीच बाटली निघते. तुमच्याकडे आलेल्या तिघांनीही तेच केले. एकाकडे मशीन होते, एकाकडे क्लाउड होता, एकाला नोकरी हवी होती. फोन एंगेज का लागतो, हे तिघांपैकी कोणी मोजलेले पत्रात दिसत नाही.

आधी कारण शोधा, ते फुकटही सुटू शकते

‘एंगेज लागतो’ या एका तक्रारीमागे निदान चार वेगळी कारणे असू शकतात. त्यातली दोन तर पैसे न खर्चता जातात.

पहिले कारण हंटिंग. चार लाइन असल्या तरी पाटीवर आणि बिलबुकावर नंबर एकच छापलेला असतो. तो व्यस्त असला की कॉल आपोआप दुसऱ्या, मग तिसऱ्या लाइनवर जावा, यासाठी टेलिफोन कंपनीने आपल्या एक्स्चेंजमध्ये चारही नंबर एका हंटिंग गटात घालावे लागतात. कनेक्शन नव्या तंत्रावर हलवताना किंवा प्लॅन बदलताना ही सोय गळून जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. तपासणी पाच मिनिटांची आहे : एका मोबाइलवरून मुख्य नंबर लावा, उचलून चालू ठेवा, दुसऱ्या मोबाइलवरून तोच नंबर लावा. असे चौथ्यापर्यंत करा. दुसऱ्याच फोनला एंगेज टोन आला तर तुमच्या तीन लाइन येणाऱ्या कॉलसाठी असून नसल्यासारख्या आहेत. कंपनीकडे लेखी अर्ज द्या.

दुसरे, एखादी लाइन मुळातच बंद असणे. ईपीएबीएक्सच्या मागे चार लाइन आहेत म्हणजे चारही जिवंत आहेत असे नाही. साधा बटणांचा फोन घेऊन तारेच्या प्रत्येक जोडीवर थेट लावून डायल टोन ऐका.

तिसरे कारण जरा आतले आहे आणि जाणकाराची परीक्षा घ्यायला उत्तम आहे. तांब्याच्या तारेवरची लँडलाइन फायबरवर गेली की टोन एक्स्चेंजमधून थेट न येता तुमच्या भिंतीवरच्या ओएनटी डब्यातल्या (फायबर जिथे येऊन संपते तो डबा) फोनच्या खाचेतून येतो. समोरच्याने फोन ठेवला हे जुन्या ईपीएबीएक्सला कळण्यासाठी एकतर तारेची ध्रुवता उलटावी लागते, नाहीतर मशीनला एंगेज टोन ओळखता यावा लागतो. आपल्याकडचा एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजणारा आणि पाऊण सेकंद थांबणारा. मशीनमध्ये वेगळीच सेटिंग असली तर कॉल संपला तरी ती लाइन अडकून राहते. बाहेरच्याला तुम्ही व्यस्त वाटता, आत कोणीच बोलत नसते. बाहेरच्या माणसाला आधी फोन ठेवायला सांगा आणि मशीनवरचा त्या लाइनचा दिवा किती सेकंदांत विझतो ते बघा. मिनिटभर जळत राहिला तर रोग सापडला. त्यावर उपाय सेटिंग बदलण्याचा आहे, १,८५,००० रुपयांचा नाही.

चौथे कारण खरोखरच लाइन कमी पडण्याचे. तेही मोजता येते, पण तुमच्या ईपीएबीएक्समधून पूर्ण दिसत नाही. सगळ्या लाइन भरल्यावर आलेला कॉल टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजमधूनच परत फिरतो, तुमच्या मशीनपर्यंत पोहोचत नाही आणि त्याची नोंदही होत नाही. म्हणून ‘आमच्या रिपोर्टमध्ये एकही कॉल चुकलेला नाही’ असे कोणी दाखवले तर फसू नका. मशीनमधून जी नोंद मिळते, तिला एसएमडीआर म्हणतात, तीत लागलेले कॉल आणि त्यांची मिनिटे असतात. त्यातला सर्वांत गर्दीचा तास काढा.

समजा गर्दीच्या तासात येणारे-जाणारे मिळून ६० कॉल होतात आणि सरासरी एक कॉल ४ मिनिटांचा आहे. ६० गुणिले ४ म्हणजे २४० मिनिटे, भागिले ६० म्हणजे ४ एर्लांग (एक लाइन तासभर सतत व्यापली तर एक एर्लांग). या भाराला चार लाइन दिल्या तर एर्लांगच्या सूत्राने सुमारे ३१ टक्के कॉल परत फिरतात, म्हणजे दर दहातले तीन. आठ लाइन दिल्या तर ३ टक्के, दहा दिल्या तर अर्धा टक्का. ‘सरासरी चार जण बोलतात, मग चार लाइन पुरे’ हा हिशेब इथेच चुकतो, कारण कॉल रांगेत शहाण्यासारखे एकेक करून येत नाहीत, एकदम येतात. मात्र नोंदीतले ६० कॉल हे लागलेले आहेत, परत फिरलेले त्यात नाहीत. हंटिंग वगैरे दुरुस्त करून आठवडाभर पुन्हा मोजा, मगच आकडा धरा. आणि मोजणी जून-जुलैची हवी. जानेवारीच्या आकड्यावर केलेला आराखडा पेरणीत पुन्हा तोंडावर आपटेल.

फोन वाजतो पण उचलला जात नाही, ही तक्रार यात मिसळू देऊ नका. काउंटरवर गिऱ्हाईक असताना फोन उचलायला माणूस नसेल तर कोणतेही मशीन तो उचलणार नाही.

जाणकार म्हणजे नेमका कोण

‘टेलिकॉममधला माणूस’ हा शब्द फार सैल आहे. टॉवरवर अँटेना बसवणारा, फायबर जोडणारा, ईपीएबीएक्स दुरुस्त करणारा, राउटर-स्विच लावणारा नेटवर्क इंजिनियर आणि आयपी फोनची यंत्रणा बसवणारा, हे पाच वेगळे कसब आहेत. टेलिकॉम कंपनीत १० वर्षे टॉवरचे काम केलेला माणूस प्रामाणिक असेल, हुशार असेल, पण तुमच्या ऑफिसचा आयपी-पीबीएक्स (इंटरनेटच्या तंत्रावर चालणारा ईपीएबीएक्स) त्याने कधी उघडलाही नसेल. तुम्हाला शेवटच्या दोघांचे मिश्रण हवे : ज्याला स्विच (नेटवर्कच्या तारा एकत्र येतात तो डबा), व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे कप्पे), फायरवॉल कळते आणि ज्याने एसआयपी ट्रंक (इंटरनेटच्या तंत्राने एका वेळी अनेक कॉल नेणारी फोनलाइन) निदान पाच-सहा ठिकाणी चालवली आहे. ईअँडटीसीची (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमची) पदविका किंवा पदवी असली तर बरे, सीसीएनए हे सिस्को कंपनीचे प्रमाणपत्र असले तर नेटवर्कचा पाया आहे एवढे कळते. पण प्रमाणपत्रापेक्षा चालू असलेली जागा बघा. दोन जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर मागा, त्यातले एक काम तीन वर्षांपूर्वीचे असू द्या. नवे काम सगळ्यांचेच चांगले दिसते. त्या गिऱ्हाइकांना विचारायचे एवढेच : गेल्या पावसाळ्यात बंद पडले तेव्हा किती तासांत आला, आणि मशीनचा ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडे आहे का?

पहिल्या भेटीत त्याच्याकडे नीट बघा. चांगला माणूस कोटेशनचा आकडा सांगण्याआधी गेल्या तीन महिन्यांची बिले मागतो, एमडीएफचा डबा (बाहेरून आलेल्या फोनच्या तारा जिथे जोडतात तो) उघडतो, त्यातल्या क्रोन मॉड्यूलवर (तारांच्या जोडपट्टीवर) विजेच्या झटक्यापासून वाचवणारे सर्ज प्रोटेक्टर बसवले आहेत का बघतो, अर्थिंगची तार कुठे जाते ते शोधतो, वीज गेल्यावर काय काय बंद पडते ते विचारतो आणि गोदामाला जाऊन येतो. जो खुर्चीतच बसून ‘किती एक्स्टेन्शन पाहिजेत’ एवढेच विचारतो, त्याला चहा पाजून निरोप द्या.

मग तीन प्रश्न विचारा. उत्तरे तुम्हाला इथेच देऊन ठेवतो.

‘एका वेळी दहा कॉल चालायचे तर इंटरनेट किती लागेल?’ जी.७११ या नेहमीच्या कोडेकला (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या पद्धतीला) एका कॉलमागे प्रत्येक दिशेने सुमारे ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे दहा कॉलना एक एमबीपीएससुद्धा पुरा लागत नाही. आवाजासाठी म्हणून १०० एमबीपीएसची महागडी लीज्ड लाइन (फक्त तुमच्यासाठीची इंटरनेट लाइन) गळ्यात मारणारा एकतर अडाणी आहे किंवा कमिशनवर आहे. आवाजाला रुंदी फार लागत नाही, स्थिरता लागते : एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर (विलंबातला चढउतार) ३० च्या आत, पॅकेट लॉस (वाटेत हरवणारी माहिती) १ टक्क्याच्या आत. हे आकडे त्याने स्वतःहून सांगितले आणि ‘आठवडाभर मोजून दाखवतो’ म्हणाला, तर माणूस कामाचा आहे.

‘कॉल लागतो आणि बरोबर अर्ध्या मिनिटाने तुटतो, का?’ एसआयपीमध्ये कॉल उचलल्याचा निरोप गेला की समोरून पोच यावी लागते. ती ३२ सेकंदांत आली नाही तर यंत्रणा कॉल बंद करते. पोच अडते ती बहुधा राउटरच्या नॅटमध्ये (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याच्या सोयीत) किंवा ‘एसआयपी एएलजी’ नावाच्या सेटिंगमुळे, जी मदत करायला म्हणून दिलेली असते आणि बहुतेक वेळा घोळ घालते. एका बाजूचाच आवाज ऐकू येण्यामागेही बहुतांशी नॅटच असते. ‘इंटरनेट स्लो असेल’ हे उत्तर नापास.

‘इंटरनेट बंद पडले तर?’ ‘दोन कंपन्यांचे घेऊ’ एवढे उत्तर अर्धे आहे. दोन्ही कंपन्यांची फायबर एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत असेल तर एकच जेसीबी दोन्ही तोडतो. एक फायबर आणि दुसरे ५जी किंवा रेडिओवरचे, आणि दोन्ही बंद पडल्यास कंपनीच्या बाजूनेच कॉल ठरलेल्या मोबाइलवर वळतील, असे पूर्ण उत्तर हवे.

तुमच्याकडे आलेले प्रस्ताव

हायब्रिड मशीन वाईट नाही. जुने साधे फोन तसेच ठेवून हळूहळू आयपीकडे जाता येते. पण त्यात किती ट्रंक पोर्ट (बाहेरच्या लाइनच्या खाचा), किती एसआयपी चॅनलचे (एका वेळचा एक कॉल म्हणजे एक चॅनल) लायसन्स आणि किती आयपी एक्स्टेन्शनचे लायसन्स धरले आहे, हे ओळीओळीने लिहून घ्या. मशीन स्वस्त आणि लायसन्स महाग हा या धंद्यातला जुना डाव. अशा खाजगी एक्स्चेंजसाठी सरकारच्या टीईसीचे (दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राचे) एमटीसीटीई हे उपकरण-चाचणीचे प्रमाणपत्र असते, त्याची प्रत कोटेशनला जोडायला सांगा.

दहा चॅनलच्या आसपास गरज निघाली तर पीआरआय ही डिजिटल लाइन घेण्यात अर्थ नाही, तिच्यात ३० कॉलची जागा असते आणि भाडेही त्या मानाने. दहा चॅनलची एसआयपी ट्रंक पुरेल.

एक गोष्ट मात्र कोणीच तुम्हाला सांगितली नसेल. मोबाइलचा नंबर कंपनी बदलताना सोबत नेता येतो, लँडलाइनचा आपल्या देशात नेता येत नाही. म्हणजे दुसऱ्या कंपनीची ट्रंक घेतली की नंबर नवा. तुमचा छापील नंबर वर्षानुवर्षे डीलरच्या डायरीत आहे. तेव्हा आधी सध्याच्याच कंपनीकडे ‘हाच नंबर ठेवून ट्रंक मिळेल का’ हे लेखी विचारा. नाही म्हणाले तर तो एक नंबर कमीत कमी भाड्याच्या प्लॅनवर निदान दोन पेरण्या चालू ठेवा आणि कॉल नव्या नंबरवर वळवा. त्या वळवलेल्या कॉलला एका वेळी किती कॉलची मर्यादा आहे तेही विचारा. पुष्कळदा ती एक असते, आणि मग सगळा खटाटोप करून फोन पुन्हा एंगेजच.

क्लाउड तुमच्यासारख्याला सोयीचे असू शकते, विशेषतः गोदाम आणि ऑफिस दोन जागी असल्याने. मशीन नाही, अर्थिंग नाही, वीज पडायची भीती कमी. पण ३० माणसांपैकी टेबलावर फोन खरोखर किती जणांना लागतो ते मोजा. आमच्या अंदाजाने १४-१६. माणशी भाडे तेवढ्याचेच भरा. पाच वर्षांचे भाडे आणि मशीनची किंमत अधिक पाच वर्षांची एएमसी (वार्षिक देखभाल करार), असे शेजारी शेजारी मांडून बघा. आणि करार मोडल्यावर नंबर कोणाच्या नावावर राहतो, रेकॉर्डिंग किती दिवसांत आणि कशा स्वरूपात परत मिळते, हे लेखी घ्या. कनेक्शन कोणतेही असो, ते तुमच्या फर्मच्या नावावर आणि बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक हवा. पुरवठादाराच्या नावावर घेतलेले कनेक्शन म्हणजे १८ टक्के जीएसटीचे क्रेडिटही गेले आणि नंबरही गेला.

बूस्टर कोटेशनमधून आजच खोडा. परवान्याशिवाय मोबाइल सिग्नल बूस्टर किंवा रिपीटर बसवणे बेकायदा आहे. तो आसपासच्या टॉवरला गोंगाट पोहोचवतो, कंपनीचे लोक यंत्र घेऊन शोधत येतात आणि नोटीस जागेच्या मालकालाही येऊ शकते. गोदामात चांगले वाय-फाय करा आणि मोबाइलमधले वाय-फाय कॉलिंग चालू करा. बहुतेक नव्या हँडसेटमध्ये ते असते. ज्याने बूस्टर सुचवला त्याला हे माहीत नसेल तर तो जाणकार नाही, आणि माहीत असून सुचवला असेल तर अधिकच नाही.

तसेच पेरणीच्या आधी शेतकऱ्यांना आणि डीलरना ‘नवा माल आला’ असे एसएमएस किंवा फोन घाऊकपणे करायचे असतील तर साध्या दहा आकडी नंबरवरून करू नका. एसएमएससाठी टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी-पोर्टलवर तुमच्या फर्मची, हेडरची (पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे नंबर आहेत. नियम मोडला तर लाइन बंद होतात. डीएलटीचे खातेही तुमच्या ई-मेलवर उघडा, एजंटच्या नाही.

तारा, वीज आणि गोदाम

बिघाड बहुतेक वेळा मशीनमध्ये नसतो, तारेत असतो. आयपी फोन लावायचे तर कॅट-६ केबल लागेल. भिंतीतली पक्की तार ९० मीटरपर्यंत आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १०, अशी १०० मीटरची मर्यादा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार कॅट-६ म्हणून सर्रास विकली जाते. चाकूने खरवडली की आत पांढरी दिसते. पक्की खूण मल्टिमीटरची : ३०५ मीटरच्या पूर्ण पेटीत एका तारेचा रोध २८-२९ ओमच्या आत यायला हवा. आकडा चाळिशीकडे गेला तर पेटी परत. या तारेतून फोनला वीजही जायची असते, रोध जास्त असला की लांबचे फोन मधूनच बंद होऊन चालू होतात आणि दोष फोनला दिला जातो. काम संपल्यावर प्रत्येक पॉइंटचा केबल टेस्टरचा छापील रिपोर्ट मागा. दिवे लुकलुकवणाऱ्या साध्या टेस्टरने जोडणी कळते, दर्जा कळत नाही.

विजेचा हिशेब आराखड्यात हवा. १६ फोन प्रत्येकी ५ वॅट धरले तर ८० वॅट, तीन वाय-फाय पॉइंट १३ वॅटने ३९, मिळून ११९. म्हणजे स्विचची पीओई (तारेतून वीज देण्याची) क्षमता १९० वॅटची पुरे. स्विच, राउटर आणि मशीन स्वतः मिळून आणखी ८० धरा. एकूण २०० वॅट. दोन तास चालवायचे तर ४०० वॅट-तास, तोटा आणि बॅटरीचे वय धरून ६०० च्या आसपास. १२ व्होल्ट २६ एएचच्या दोन बॅटऱ्यांत हे बसते. आणि इंटरनेटचा ओएनटी डबाही त्याच यूपीएसवर घ्या. मशीन चालू आणि भिंतीवरचा डबा अंधारात, ही चूक जागोजागी दिसते.

शिरोलीला तार ओढायचा प्रश्नच नाही. गोदामात स्वतंत्र ब्रॉडबँड घ्या आणि दोन राउटरमध्ये व्हीपीएन (इंटरनेटमधली खाजगी, कुलूपबंद वाट). गोदामातले तीन-चार आयपी फोन ऑफिसच्याच एक्स्टेन्शनसारखे चालतील. एकाच आवारातल्या दोन इमारती जोडायच्या असतील तर मधे तांब्याची तार टाकू देऊ नका, फायबरच टाका. वळवाच्या पावसात वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक त्या तांब्यातून धावतो आणि दोन्हीकडचे स्विच जाळतो.

चोरी

तुमच्या लाइनवरून दुसऱ्याने चोरून कॉल करणे, आयपीवर गेल्यावरचा सर्वांत महाग अपघात हाच, आणि कोटेशनमध्ये याबद्दल एक ओळही नसते. इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या ५०६० पोर्टवर (एसआयपीच्या नेहमीच्या दारावर) यंत्रे रात्रंदिवस पासवर्ड ठोकून पाहत असतात. एक्स्टेन्शन १०१ आणि पासवर्डही १०१ असला की शनिवारी रात्री घुसतात आणि रविवारभर परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल चालवतात. बिल तुमच्या नावावर येते. ‘आम्ही केलेच नाहीत’ म्हणून ते माफ होईल या भरवशावर राहू नका. म्हणून आयएसडी कंपनीच्या बाजूनेच बंद ठेवायला सांगा, पीबीएक्स थेट इंटरनेटवर नको, बाहेरून यायचे तर व्हीपीएनमधूनच, प्रत्येक एक्स्टेन्शनला वेगळा लांब पासवर्ड, व्हॉइसमेलचा ०००० बदललेला, आणि बाहेरून डायल करून आत शिरून पुन्हा बाहेर जाण्याची डीआयएसए नावाची सोय बंद. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (यंत्रणेतल्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात आणि अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. लॉग कुठे साठणार, हे आराखड्यात लिहिलेले असू द्या.

करारात काय हवे

आराखड्याच्या कामाचा करार एका पानाचा पुरे : मोजणीचे आकडे, दोन्ही जागांचे नकाशे, मालाची यादी, दोन पर्यायांचा पाच वर्षांचा खर्च, किती दिवसांत. फी एकूण खर्चाच्या ५ ते १० टक्क्यांच्या घरात गेली तरी ती वाजवी समजा. बसवणाऱ्याचे पैसे माल आल्यावर ४०, चालू झाल्यावर ४० आणि उरलेले २० टक्के पंधरा दिवस बिनतक्रार चालल्यावर. ‘चालू झाले’ म्हणजे काय तेही लिहा : एका वेळी दहा कॉल लावून दाखवणे, मुख्य इंटरनेटची तार काढल्यावर कॉल दुसरीकडे वळणे, मेन स्विच बंद करून दोन तास चालणे. हे सगळे तुमच्यासमोर.

शेवटचे २० टक्के देण्याआधी हातात यायला हव्यात : केबलचा नंबर टाकलेला नकाशा, सर्व ॲडमिन पासवर्ड, कॉन्फिगरेशनचा बॅकअप पेनड्राइव्हवर, लायसन्सच्या चाव्या आणि खरेदीची बिले. पासवर्ड मिळाल्यावर एकदा तुमच्या माणसाला उघडून बघायला सांगा. न चालणारा पासवर्ड दिलेला असणे अगदीच दुर्मीळ नाही.

एएमसीत ‘तात्काळ सेवा’ असे शब्द स्वीकारू नका. पूर्ण बंद असेल तर ४ कामाच्या तासांत माणूस हजर, एखादा फोन बंद असेल तर दुसऱ्या दिवशी, उशिराला किती कपात, आणि सुटे मशीन किंवा स्विच त्याच्याकडे शिल्लक आहे का, हे लिहा. इंटरनेट कंपनीचे ९९.५ टक्के ऐकायला छान वाटते. ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ३.६ तास बंद चालेल असा होतो, आणि ते तास पेरणीतल्या सोमवारी सकाळी आले तरी करार मोडत नाही.

मे अर्धा उलटल्यावर काहीच बदलू नका, त्या काळात फक्त हंटिंग आणि अडकलेल्या लाइनची दुरुस्ती करा आणि जून-जुलैत मोजणी. आराखडा ऑगस्टमध्ये, कोटेशने सप्टेंबरमध्ये, बदल दिवाळीनंतर. बदलाचा दिवस साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळचा धरा, आणि जुना ईपीएबीएक्स दोन जुन्या लाइनसकट महिनाभर भिंतीवर चालूच राहू द्या. भंगारवाल्याला त्यानंतर बोलवा.